खान्देशात छोटी गाडी: कागदांपासून हेडलाइटच्या रिलेपर्यंत

पहिली गाडी दारात आली की पहिल्याच रविवारी घरचे सगळे ॲक्सेसरीजच्या दुकानात. सीट कव्हर, निळे दिवे, खिडक्यांना क्रोमच्या पट्ट्या, मागं कसला तरी स्टिकर. दहा-पंधरा हजार तिथंच संपतात. मग अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासर-माहेर करताना हीच नटलेली गाडी भर दुपारी एरंडोलच्या पुढं बोनेट उघडून उभी, आतून वाफ येतेय आणि भाऊ बाटलीनं पाणी ओततोय. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटसाठी तीनशे रुपये कुणाला सुचले नव्हते.

म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी कागद, मग ऊन, मग रात्रीचा उजेड आणि उरलं तर हौस. अल्टो, वॅगन आर, सँट्रो, क्विड, टियागो, कोणतीही छोटी गाडी असो, आपल्याकडे तिच्यामागं ऊन, धूळ आणि उंदीर हे तिघं लागलेलेच असतात. दुकानात मिळणाऱ्या निम्म्या वस्तू यातल्या एकाशीही लढत नाहीत.

कागद

नवी गाडी असेल तर शोरूमवाला सगळं करून देतो, हा भाग सोडून पुढं जा. जुनी घेत असाल तर पैसे पूर्ण देण्याआधी गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. विमा, पीयूसी आणि फिटनेसच्या तारखा तिथं दिसतात, थकलेली चलनंही त्याच वेळी तपासून घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात आणि दोन्हींवर विकणाऱ्याची सही लागते. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका. ‘बँकेचं मिटलंय, कागद देतो नंतर’ या वाक्यावर खान्देशात कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर फिरताहेत. उद्या अपघात झाला तर नोटीस त्या जुन्या मालकाला आणि डोकेदुखी दोघांना.

विमा आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवसांची मुदत असते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याबरोबरच जातो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे ‘बोनस आहे, हप्ता कमी बसेल’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च धरूनच भाव करा. एमएच १८, १९ की ३९, याला किमतीत महत्त्व नाही. गाडी जिल्ह्याबाहेरची असेल तर आरटीओचा एक हेलपाटा वाढतो, एवढंच.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीची गाडी असेल तर इंधनाच्या रबरी नळ्या एकदा मिस्तरीला दाखवा. कडक झालेली, चिरा पडलेली नळी दिसली तर बदलून टाका. उन्हाळ्यात पेट्रोलचा वास येणाऱ्या गाडीत ‘बघू नंतर’ चालत नाही.

पहिले तीन महिने

या काळात गाडीला काहीही लावू नका. ती आहे तशी चालवा आणि एक वही ठेवा. टाकी पंपाच्या पहिल्या ‘टक्’पर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हा खरा ॲव्हरेज. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा थोडा खुशामत करतो. वहीत एसी चालू होता का, घाट होता का, माणसं किती होती हेही लिहा. पुढं टायर बदलले किंवा चारजण बसवून कन्नडचा घाट चढलात की फरक कशानं पडला ते या वहीतूनच कळतं. नाहीतर ‘मागं चांगला देत होती’ एवढंच उरतं.

याच दिवसांत गाडीची पुस्तिका वाचा. ऑइल कोणत्या ग्रेडचं, हवा किती, फ्यूजचा डबा कुठं, जॅक कुठं लावायचा. टायरच्या हवेचं स्टिकर चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतं. पंक्चरवाला ‘पस्तीस भरू?’ म्हणतो, त्याला स्टिकरवरचा आकडा सांगा. आणि हवा सकाळी गार टायरमध्ये तपासा. धुळ्याहून जळगावला आल्यावर तापलेल्या टायरची हवा दोन-चारनं जास्तच दाखवते. तेव्हा ती काढून टाकली की सकाळी टायर कमी हवेवर आणि मे महिन्यात कमी हवेचाच टायर जास्त तापून फुटतो. लोक नेमकं उलटं समजतात.

ऊन

मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. बंद गाडीत आत साठच्या पुढं सहज जातो आणि तशात दार उघडून लगेच बसणाऱ्याचं भरीत होतं. आधी चारही काचा खाली करा, पहिले दोन मिनिटं पंखा जोरात आणि काचा उघड्या ठेवून चालवा, गरम हवा बाहेर गेली की मग काचा बंद करून एसीची हवा आतल्या आत फिरवा. बसल्या बसल्या एसी पूर्ण लावून घामाघूम होणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. पैसे लागत नाहीत.

पैसे लागतात ते कूलंटला, आणि ते द्या. आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षाराचं, बादलीला पांढरा थर बसवणारं. तेच रेडिएटरमध्ये टाकलं की आतल्या बारीक नळ्यांतही तोच थर बसतो. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, किंवा घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रंग बघून नाही, पुस्तिकेत सांगितलेला प्रकार बघून. दोन वेगळ्या प्रकारांची सरमिसळ करू नका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर असतो. कापसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरमागून उडणारा कापूस, वर धूळ आणि किडे, असा एक गालिचा त्याच्यावर तयार होतो. एसी गार करत नाही म्हणून गॅस भरायला धावण्याआधी बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. साध्या नळाच्या धारेनं, इंजिन गार असताना, हळू धुवायचं. वॉशिंग सेंटरचा जोराचा पाइप जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

बॅटरी थंडीत बंद पडते, पण मरते उन्हाळ्यात. साधा मल्टिमीटर घ्या. सकाळी गाडी चालू करण्याआधी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. सकाळचा आकडा १२.२ कडे येऊ लागला तर ती दिवाळी बघणार की नाही ते बॅटरीवाल्याला विचारून ठेवा.

काचांवरच्या फिल्मबद्दल सगळेच विचारतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मला मनाई केली. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यावा लागतो. फिल्मवाला ‘ही आरटीओ पास आहे’ म्हणतो, पण चौकात हवालदाराशी हुज्जत घालायला तो येत नाही. उभ्या गाडीत पुढच्या काचेला आतून चांदीसारखा चकाकणारा पडदा लावा. दीड-दोनशेचा हा पडदा डॅशबोर्डला तडे जाण्यापासून वाचवतो. सीट कव्हर घ्यायचंच तर कापडी घ्या, मेमधल्या रेक्झिनवर हाफ पँटमध्ये बसून बघितलेल्याला कारण सांगावं लागत नाही. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर तिथं शिवण उघडणारंच कव्हर चालतं. डॅशकॅम लावणार असाल तर बॅटरीवाला नको, कपॅसिटरवाला बघा. लिथियमची बॅटरी काचेमागच्या उन्हात फुगते. पॉवर बँक, लायटर आणि डिओ गाडीत ठेवायचे नाहीत, हेही आलंच.

धूळ आणि उंदीर

एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यात उघडून बघा. शेतरस्त्यानं रोजचं जाणं असेल तर त्याहूनही लवकर. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. दोन्हीकडच्या खुंट्या दाबल्या की बॉक्स खाली लोंबतो आणि फिल्टरचा ट्रे दिसतो. पाच मिनिटांचं काम. तेच सर्व्हिसमध्ये मजुरी लावून होतं.

पावसाळ्यात काळी माती चाकाच्या कमानीत घट्ट बसते आणि आतल्या बाजूला ओल धरून ठेवते. पत्रा तिथूनच सडायला लागतो. बांधावरून आल्यावर निदान कमानी आतून धुवा. खालून अँटी-रस्ट मारून घेणार असाल तर मारणाऱ्याच्या शेजारी उभं राहा. दारांच्या आणि उंबऱ्याच्या खालची पाणी निघायची भोकं आणि सायलेन्सर सोडून मारायला लावा. भोकं बुजली की जो गंज टाळायला पैसे दिले तोच आतून सुरू होतो.

उंदरांवर गावागावांत वेगळं औषध आहे. तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, फिनेल, फवारे. थोडे दिवस वास असतो तोवर चालतं, मग उंदीर त्याच पुडीवर बसून वायर खातो. त्यातल्या त्यात उपयोगी दोन गोष्टी. रात्री गाडी घराशी असेल तर बोनेट थोडं उघडं ठेवायचं, उंदराला अंधारी उबदार जागा हवी असते. आणि वायपरच्या खाली जिथून हवा आत जाते तिथं आतून बारीक स्टीलची जाळी बसवायची. धान्याच्या कोठीशेजारी, मक्याच्या कणसांच्या ढिगाशेजारी गाडी लावत असाल तर जाळी आधी, बाकी सगळं नंतर.

हत्यारं

८, १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मल्टिमीटर, डोक्याला बांधायचा टॉर्च, प्लॅस्टिकच्या पट्ट्या उचकटायला प्लॅस्टिकचीच पाती. एवढं पुरतं. वायरीसाठी उष्णतेनं आकसणारी नळी, केबल टाय आणि चांगल्या प्रतीची टेप. स्वस्तातली टेप आपल्या उन्हात डिंक सोडते आणि वायर उघडी पडते.

एक नियम मात्र पक्का. कंपनीची वायर कापायची नाही. जे लावायचं ते कपलरवर (वायरींच्या प्लगसारख्या जोडावर) कपलर बसवून, म्हणजे उद्या काढलं तर गाडी होती तशी. आणि पिवळा कपलर किंवा पिवळं आवरण असलेली वायर दिसली की हात मागं घ्यायचा, ती एअरबॅगची असते.

हेडलाइटला रिले

छोट्या गाडीत स्वतः करण्यासारखं सगळ्यांत फायद्याचं काम हेच, असं माझं मत आहे. रात्री शिरपूर-चोपडा रस्त्यावर समोरून उसाची बिनदिव्याची बैलगाडी आली की का ते कळतं. लोक उजेड कमी म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकतात. होल्डर वितळतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि ते बेकायदाही आहे. एच ४ बल्बला ६०/५५ वॅटचीच परवानगी आहे. खरी अडचण बहुतेक वेळा बल्बची नसतेच. कित्येक साध्या गाड्यांत बॅटरीचा करंट बारीक वायरीतून स्टिअरिंगखालच्या स्विचपर्यंत जातो आणि तिथून परत दिव्याकडे येतो. वाटेत व्होल्टेज सांडतं. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. रिले, म्हणजे विजेनं चालणारा छोटा स्विच, लावला की स्टिअरिंगखालचा स्विच फक्त इशारा देतो आणि करंट बॅटरीपासून सरळ बल्बला जातो.

गाडी वॉरंटीत असेल किंवा कारखान्यातूनच एलईडी दिवे असतील तर हा भाग तुमच्यासाठी नाही. बाकीच्यांनी असं करा.

१. आधी मोजा. इंजिन चालू, डिपर (खाली पडणारा उजेड) चालू. बॅटरीवर किती व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरमागं किती ते बघा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिलेचा खर्च वाचला, काचा पॉलिश करा आणि झोपा. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर पुढं चला.

२. तयार हार्नेस, म्हणजे जोडून ठेवलेल्या वायरींचा संच, घ्या. दोन रिले, फ्यूज आणि दोन्ही बाजूंना सिरॅमिक होल्डर असलेला. मुख्य वायर तांब्याची आणि निदान अडीच चौरस एमएमची आहे का विचारा. काही गाड्यांत स्विच मायनसच्या बाजूनं काम करतो, तिथं साधा हार्नेस अप्पर-डिपरचा घोळ घालतो. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगूनच मागा.

३. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करा आणि डिपरचा उजेड जिथं कापला जातो तिथं खडूनं रेघ मारा. हे नंतर लागेल.

४. इंजिन गार होऊ द्या. दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं मायनस सोडा. आधी मायनस, हे विसरायचं नाही. पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

५. एका बाजूच्या बल्बचा कंपनीचा कपलर काढून तो हार्नेसच्या इशारा घेणाऱ्या टोकाला लावा. दुसऱ्या बाजूचा कपलर मोकळाच राहतो. त्याला टेप गुंडाळून केबल टायनं बांधून ठेवा, लोंबता ठेवू नका. हार्नेसचे होल्डर दोन्ही बल्बना लावा. बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलेली जागा तापून बल्ब लवकर जातो.

६. रिले पिना खाली करून उभे बसवा, म्हणजे आत पाणी साचणार नाही. आधीपासून असलेल्या एखाद्या बोल्टचाच आधार घ्या, नवं भोक पाडू नका. वायरीवर नालीदार नळी चढवून त्या पंख्यापासून, पट्ट्यापासून आणि सायलेन्सरच्या गरम तोंडापासून लांबून न्या.

७. अर्थिंगची वायर जिथं लावणार तिथला रंग खरवडून पत्रा चकाकू द्या. निम्म्या तक्रारी कच्च्या अर्थिंगच्या असतात. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभरच्या आत. पुढं कुठं वायर घासली तर हा फ्यूजच गाडी जळण्यापासून वाचवतो.

८. मायनस जोडा. डिपर, अप्पर, फ्लॅश तिन्ही बघा. दिवे पंधरा मिनिटं चालू ठेवून फ्यूजच्या होल्डरला आणि रिलेला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर जोड ढिला आहे, पुन्हा बसवा.

शेवटी भिंतीवरची रेघ बघा. बल्ब काढ-घाल करताना तो नीट खाचेत बसला नसेल तर उजेड वर जातो. दहा मीटरवर डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली हवी.

काच पिवळी पडली असेल तर वरच्या कामाचा निम्मा फायदा काचेतच अडकतो. भोवतीच्या पत्र्याला टेप लावा. ओल्या पॉलिश पेपरनं १००० नंबरपासून सुरू करून १५००, २००० आणि ३००० असं चढत जा. प्रत्येक वेळी भरपूर पाणी आणि एकाच दिशेनं. काच दुधी दिसेल, घाबरू नका, कंपाउंडनं ती उजळते. वरून यूव्ही रोखणारा क्लिअर कोट मारलाच पाहिजे. तो न मारता सोडलेली काच आपल्या उन्हात पुढच्या पावसाळ्याच्या आत पुन्हा पिवळी होते. टूथपेस्ट घासायचा उपाय त्याच कारणानं टिकत नाही.

दारं आणि टायर

दाराचा ‘ठण’ आवाज जाऊन ‘धप’ यावा म्हणून लोक डॅम्पिंग शीट लावतात. फरक खरंच पडतो. फक्त डांबराची स्वस्त शीट घेऊ नका. आपल्या मेमध्ये ती पत्र्यावरून घसरून दाराच्या तळाशी गोळा होते, काचेच्या यंत्रात अडकते आणि गाडीत डांबराचा वास बसतो. ब्युटाइलची घ्या. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला मोठा भाग पुरतो. दाराच्या तळाची पाण्याची भोकं मोकळी ठेवा, आतला प्लॅस्टिकचा कागद परत चिकटवा. पॅनेल काढताना आधी हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले लपलेले स्क्रू शोधा, मग खालच्या कोपऱ्यातून क्लिपा उचका. चार-पाच क्लिपा आधीच विकत आणून ठेवा, तुटणारच.

टायर मोठे घालायची हौस असेल तर आधी गणित. १४५/८० आर १२ या टायरचा व्यास असा निघतो: १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यात १४५ च्या ८० टक्के, म्हणजे ११६, दोनदा. एकूण ५३६.८. त्याजागी १५५/६५ आर १३ घातला तर ३३०.२ आणि १००.७५ दोनदा, म्हणजे ५३१.७. फरक एक टक्क्याचा, स्पीडोमीटर जवळपास खरंच बोलणार. दोन-तीन टक्क्यांच्या पुढं गेलात की मीटर खोटं बोलतो आणि वळताना टायर कमानीला घासतो. रिमच्या बोल्टच्या भोकांचं अंतर जुळतं का तेही बघा. टायर ‘नवा’ म्हणून घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. १८२३ म्हणजे २०२३ चा अठरावा आठवडा. दुकानात उन्हात पडून राहिलेला जुना टायर नव्या भावात घेऊ नका.

हे नको

पुढचा लोखंडी गार्ड केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवला. पायी चालणाऱ्याला तो जीवघेणा ठरतो आणि धडकेचा जोर बंपरमध्ये जिरू देत नाही. प्रेशर हॉर्न, लाल-निळे चमचमणारे दिवे, छाटलेल्या स्प्रिंगा, फाडलेला सायलेन्सर, हे सगळं त्याच रांगेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा मूळ नमुना बदलायला परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीएनजी किट बसवलं तर ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच, आणि आरसीवर नोंद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.

बाकी जे लावाल त्याची बिलं एका पाकिटात ठेवा. स्पीकर, कॅमेरा, महागडे रिम असं काही असेल तर विम्याच्या नूतनीकरणाला एजंटला ते लिहून द्या आणि पॉलिसीवर चढलं का ते बघा. थोडा हप्ता वाढतो. न सांगता लावलेल्या वस्तूचे पैसे चोरी झाल्यावर मिळत नाहीत.